पहिल्या उडीनंतरची भीती आणि दुसऱ्या उडीची तयारी

पहिली उडी पार पडली, पाय सुखरूप जमिनीला लागले, घरच्यांना चित्रफीत दाखवून झाली, आणि तरीही दुसऱ्या उडीची तारीख जवळ येऊ लागताच पोटात पहिल्या वेळेपेक्षा मोठा गोळा उठतो, हा अनुभव स्कायडायव्हिंग शिकणाऱ्या पुष्कळांना येतो. तो आपल्याला आला म्हणून आपण या खेळासाठी अपात्र ठरत नाही. पहिल्या उडीच्या वेळी मनाजवळ केवळ कल्पना होती; आता विमानाचे दार उघडल्यावर येणारा वाऱ्याचा आवाज आणि खाली दिसणारी पोकळी ही दोन्ही ओळखीची झाली आहेत. त्याच वेळी पहिल्या उडीतले काही क्षण आठवणीतून पूर्ण गळालेले असतात, कारण एवढे सगळे एकदम अंगावर आले की मन त्यातले फार थोडे टिपू शकते, आणि या रिकाम्या जागा नंतर भीतीने भरून निघतात. म्हणून पहिले काम असे की उडी झाली त्याच दिवशी, प्रशिक्षकासोबत चित्रफीत पाहून, दारापासून छत्री (पॅराशूट) उघडेपर्यंतचा क्रम वहीत लिहून काढावा.

येथे मी अमेरिकेतील एएफएफ (अ‍ॅक्सिलरेटेड फ्रीफॉल) पद्धतीचे प्रशिक्षण गृहीत धरले आहे, कारण मी त्याच पद्धतीने शिकलो. यात विद्यार्थी स्वतःची छत्री पाठीवर घेऊन उडी मारतो आणि सुरुवातीच्या उड्यांत दोन प्रशिक्षक त्याला दोन्ही बाजूंनी धरून असतात. प्रशिक्षकाला बांधून मारलेली टँडम उडी हा वेगळा अनुभव आहे, कारण तिच्यात निर्णयाचा भार आपल्यावर नसतो.

या भीतीविषयी मला सर्वांत उपयोगी वाटलेली माहिती १९६०च्या दशकातील आहे. सेमूर एपस्टाइन आणि वॉल्टर फेन्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विमान वर चढत असताना नवशिक्या आणि अनुभवी उडीबहाद्दरांच्या हृदयाचे ठोके, श्वास आणि त्वचेवरील घामाचा परिणाम मोजला. नवशिक्यांची धडधड उडीच्या क्षणापर्यंत वाढतच गेली, तर अनुभवी लोकांची आधी वाढली आणि दाराशी येईपर्यंत बरीच खाली आली. म्हणजे भीती अनुभवी माणसालाही वाटते, फक्त ती लवकर येऊन ओसरते. अनुभवाने हे आपोआप घडतेच, परंतु माझ्या मते नवशिक्यानेही भीती घालवण्याच्या खटपटीत न पडता तिची वेळ अलीकडे आणावी, तिला घरी आणि जमिनीवर पुरेसा वेळ द्यावा, म्हणजे दाराशी कामाला जागा राहते.

यासाठी एका शांत संध्याकाळी आपल्याला नेमके कशाचे भय वाटते ते एकेका ओळीत लिहावे. 'छत्री उघडली नाही तर' ही ओळ जवळजवळ प्रत्येकाच्या कागदावर असते, आणि याच भीतीवर सर्वांत पक्की कार्यपद्धती उपलब्ध आहे. छत्री चौकोनी आहे का, स्थिर आहे का, वळवता येते का, हे पाहायचे. उत्तर नाही असेल आणि ते दुरुस्त होत नसेल, तर विद्यार्थ्याने २,५०० फुटांच्या वरच निर्णय घेऊन मुख्य छत्री सोडायची आणि राखीव छत्री उघडायची. ती राखीव छत्री अमेरिकेत दर १८० दिवसांच्या आत परवानाधारक रिगरकडून, म्हणजे छत्रीच्या तंत्रज्ञाकडून, तपासून पुन्हा घडी घालून घ्यावी लागते, आणि विद्यार्थी काहीच करू शकला नाही तर ठरावीक उंचीवर ती उघडणारे स्वयंचलित यंत्रही पाठीवर असते. पण ही माहिती डोक्यात असणे पुरेसे नाही, ती हातात उतरली पाहिजे. आपल्या केंद्रावर शिकवलेला क्रम, त्यात कोणताही बदल न करता, मुख्य छत्री सोडण्याच्या मुठीकडे (हँडलकडे) पाहणे, ती धरणे, ओढणे आणि मग राखीव छत्रीची मूठ ओढणे असा दररोज पंधरा-वीस वेळा उभ्याने करावा, आणि केंद्रावर गेल्यावर टांगलेल्या हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यांत, पुन्हा करावा. मनात नुसते 'काही होणार नाही' असे घोकण्यापेक्षा 'झालेच तर मी हे करीन' हे हातांना माहीत असणे कितीतरी अधिक धीर देते.

कागदावर बहुधा न आढळणारी गोष्ट म्हणजे उतरणे. छत्री न उघडण्याची धास्ती सर्वांना असते, परंतु या खेळातील गंभीर दुखापतींचा मोठा वाटा व्यवस्थित उघडलेल्या छत्रीखाली, जमिनीजवळ घेतलेल्या चुकीच्या निर्णयांचा असतो. म्हणून आपल्या काळजीचा निम्मा हिस्सा येथे वळवावा. केंद्राच्या हवाई छायाचित्रावर बोट फिरवून, वाऱ्याची दिशा धरून, कोणत्या उंचीवर कुठे वळायचे ते ठरवावे. फ्लेअरची, म्हणजे जमिनीजवळ दोन्ही दोऱ्या एकदम खाली ओढण्याची, क्रिया घोकावी. आणि उतरण्याची खात्री नसेल तेव्हा दोन्ही पाय व गुडघे जुळवून कुशीवर लोळण घेण्याचा सराव मातीवर करावा. अमेरिकेतील नियमांप्रमाणे विद्यार्थ्यांना ताशी १४ मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपेक्षा, अधिक वाऱ्यात उडी मारता येत नाही.

त्या मर्यादेमुळे तासन्‌तास थांबावे लागते, आणि वाट पाहणे हे उडीपेक्षा कठीण असते. माझी दुसरी उडी वाऱ्यामुळे सलग दोन शनिवार रद्द झाली, आणि दुसऱ्या शनिवारी सुटकेचा निःश्वास टाकताना मला कळले की आणखी थोडे लांबले तर मी परत येणार नाही. दोन उड्यांमधील अंतर कमी ठेवणे हा भीतीवरचा सर्वांत साधा उपाय आहे. शक्य असल्यास आठवडा-दोन आठवड्यांत दुसरी उडी घ्यावी, आणि ३० दिवस उलटले असतील तर प्रशिक्षकाकडून उजळणी करून घेतल्याशिवाय विमानात बसू नये. आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यावी, आणि सकाळी उपाशी राहू नये.

विमानाला वर चढायला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि याच वेळात मन सैरभैर होते, म्हणून हा वेळ आल्टिमीटरच्या, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्राच्या, आकड्यांनी वाटून घ्यावा. विमानातील आसनपट्टा सोडण्याच्या उंचीपर्यंत फक्त श्वासाकडे लक्ष द्यावे आणि श्वास घेण्यापेक्षा तो सोडायला अधिक वेळ लावावा. निम्म्या उंचीवर डोळे मिटून संपूर्ण उडी, खऱ्या उडीला लागतो तेवढ्याच वेळात, एकदा मनात मारावी. त्यानंतर छातीचा पट्टा, मुठी आणि पाठीवरील पिन प्रशिक्षकाकडून तपासून घ्यावी. एखादी वस्तू जागेवर नाही असे वाटले तर संकोच न करता त्याच क्षणी सांगावे. त्या दिवशी मन काही केल्या तयार होत नसेल तर विमानातूनच खाली परतण्याचाही पूर्ण अधिकार आपल्याला आहे, आणि चांगला प्रशिक्षक त्याचा मान राखतो.

दाराशी पोहोचल्यावर संपूर्ण उडीचा विचार करू नये, केवळ पहिल्या हालचालीचा करावा. श्वास सोडत कंबर पुढे ढकलावी, मान वर ठेवावी आणि हात-पाय सैल सोडावेत. शलभासन केलेल्या माणसाला ही कमान लगेच ओळखू येईल. घाबरून ताठरलेले शरीर हवेत डुगडुगते, त्या डुगडुगण्याने भीती वाढते आणि शरीर आणखी ताठ होते, म्हणून या चक्राची कडी श्वासापाशीच तोडावी लागते. पुढे दर काही सेकंदांनी आल्टिमीटर पाहणे आणि साधारण ५,५०० फुटांवर, किंवा प्रशिक्षकाने सांगितलेल्या उंचीवर, छत्री उघडणे एवढेच काम उरते.

महाराष्ट्रातील नवशिक्यांच्या मनावर पुण्याच्या शीतल महाजन यांचा प्रभाव असणे स्वाभाविक आहे, कारण त्यांनी २००४ मध्ये आयुष्यातील पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली आणि २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावरही उडी मारली. त्या कर्तृत्वाचा आदर बाळगावा, परंतु आपल्या धडधडीची त्याच्याशी तुलना करू नये. अमेरिकेत पहिल्या, म्हणजे 'ए' परवान्यासाठीही किमान २५ उड्या लागतात आणि तेवढ्या उड्यांमध्ये भीती अनेकदा जाते आणि परत येते.

प्रत्येक उडीनंतर लॉगबुकमध्ये तांत्रिक नोंदींखाली आणखी चार आकडे लिहावेत: घरून निघताना, केंद्रावर पोहोचताना, विमानात आणि दाराशी भीती दहापैकी किती होती. माझ्या पहिल्या पानावर दारासमोर दहा लिहिलेले आहे. नवव्या उडीच्या पानावर गाडी केंद्राच्या फाटकातून आत वळवतानाचा आकडा आठ आहे, आणि दारासमोरचा चार.