देशांतर करून आलेल्यांची गोष्ट मुलांसाठी लिहिताना: नाशिकपुरती कामाची वही

वहीच्या पहिल्या पानावर ‘फाळणी’, ‘स्थलांतर’, ‘विणकरांचा इतिहास’ असं काही लिहिलं असेल तर ते खोडा आणि त्याखाली तीन गोष्टी लिहा: मुलाचं वय, ते उभं आहे ती जागा, आणि महिन्यासकट साल. ‘नऊ वर्षांची मुलगी, देवळाली कॅम्पातली बराक, मे १९४८.’ एवढं पक्कं होईपर्यंत लिहायला बसू नये. अशा पुस्तकांत साल सहसा चुकत नाही, चुकतो तो महिना. कुटुंब वैशाखात येतं आणि दुसऱ्याच पानावर बराकीचं छत गळायला लागतं. मोठा वाचक तिकडे काणाडोळा करतो. पाचवीतला मुलगा हात वर करून विचारतो.

नाशिक जिल्ह्यात विषयांना तोटा नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची छावणी देवळालीत लष्करी बराकींमध्ये होती. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातले विणकर येऊन मालेगावात वसले. नाशिकरोडला १९२५ साली सुरू झालेल्या सिक्युरिटी प्रेसच्या नोकरीसाठी माणसं कुठून कुठून आली. आणि शरणपूर: एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथल्या मिशनच्या आश्रमात आणून ठेवलं जायचं. त्या रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या मुलाला ही गोष्ट सांगायची सोय आयती आहे, तरी ती फारशी कुणी वापरत नाही.

कोणता विषय आधी घ्यायचा, हे माणसांच्या वयावर ठरवा. कराची किंवा हैदराबाद सिंधचं घर डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता पंच्याऐंशीच्या पुढची आहेत. शरणपूरची कागदपत्रं पुढच्या वर्षीही जागेवर असतील. म्हणून देवळाली आधी.

मुलाखतीला दोन बैठका ठेवा, प्रत्येकी पाऊण तास, मध्ये आठवडाभर जाऊ द्या. पहिल्या बैठकीत माणूस तेच सांगतो जे त्याने घरात पन्नास वेळा सांगितलेलं असतं. कामाचं जे असतं ते दुसऱ्या बैठकीत निघतं, कारण मधल्या दिवसांत त्याला रात्री आठवत राहतं. ‘तेव्हा कसं वाटलं?’ हा प्रश्न टाळा. उत्तर ठरलेलं येतं. त्याऐवजी विचारा: जमीन शेणाची होती की फरशीची? पाणी कुठून भरायचात, आणि भांडं कोण उचलायचं? पहिल्या दिवशी काय शिजलं? शाळेत कोणाच्या शेजारी बसवलं? साल विचारून उपयोग नाही, खुंट्या विचारा: छप्पनच्या सिंहस्थाच्या वेळी तुम्ही कितवीत होता? नवे पैसे आले तेव्हा हे दुकान होतं का? (नवे पैसे म्हणजे १ एप्रिल १९५७.) मोबाईलवर रेकॉर्ड करताना तो फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी कुणाचा तरी फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. त्याच दिवशी फाईल दुसरीकडे उतरवा. गोष्टीत आठवण वापरायची परवानगी दोन ओळींत लिहून घ्या, आणि नाव बदलणार असाल तर तेही तिथेच नोंदवा.

आठवणीत हमखास होणारी एक गल्लत: नंतर ऐकलेलं, सिनेमात पाहिलेलं आणि स्वतः पाहिलेलं एकात एक मिसळतं. सगळेच सांगतात की रेल्वेने आलो, आणि गाडीतल्या कत्तलीची गोष्टही सांगतात. सिंधमधून निघालेली पुष्कळ माणसं, विशेषतः ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंगलीनंतर, बोटीने मुंबई, ओखा अशा बंदरांत उतरली. म्हणून ‘बोटीला शिडी होती का फळी?’ असा प्रश्न टाकून पाहा. बोटीने आलेला माणूस त्यावर लगेच बोलायला लागतो.

आता कागद. सर्वांत कमी वापरला जाणारा आणि सर्वांत बोलका कागद म्हणजे जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात जन्मतारीख, जन्मगाव, मागची शाळा, दाखल केल्याची तारीख असे रकाने असतात. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, कोणत्या वर्षांची पानं हवीत ते नेमकं लिहा, आणि नावं पुस्तकात येणार नाहीत हे त्यातच सांगा. फोटो काढायला नाही म्हणाले तर हट्ट धरू नका, पेन्सिलने उतरवून घ्या. त्यानंतर १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, आणि १८८३ साली छापलेलं नाशिक जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर. गॅझेटियर उपयोगाचं खरंच, पण ते साहेबाच्या नजरेतून लिहिलेलं आहे. त्यातून भाव, रस्ते, पिकं, हत्यारं उचलावीत. अमुक जात ‘आळशी’ आणि तमुक ‘उद्योगी’ हे मात्र तिथेच राहू द्यावं. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, म्हणजे यात्रेकरू घराण्यांच्या नोंदवह्या, याही पाहता येतात, फक्त तिथे आडनावाइतकंच मूळ गाव महत्त्वाचं असतं. गाव ठाऊक नसेल तर हेलपाटा होतो. जुनी पानं मोडी लिपीत असली तर ती वाचणारा सोबत हवा.

एवढं जमल्यावर खरी अडचण सुरू होते, कारण जमवलेलं सगळं घालावंसं वाटतं. कच्च्या खर्ड्यात बहुतेक वेळा असा उतारा सापडतो:

‘फाळणीमुळे सिंधी बांधवांना सर्वस्व सोडून यावे लागले. मोहनच्या मनात अपार दुःख दाटून आले होते.’

हेच त्या रजिस्टरच्या पानावर आणून बघा:

‘मास्तरांनी टाक दौतीत बुडवला. “मागची शाळा?” मोहनने नाव सांगितलं. मास्तरांनी ते पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदाही विचारलं, आणि मग त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. शाई संपत आली होती. रेघ अर्ध्यावरच पुसट झाली.’

दुसऱ्या उताऱ्यात फाळणी हा शब्दच नाही. मुलाच्या हाताला लागेल, नाकाला येईल, कानावर पडेल एवढाच इतिहास पानावर घ्यायचा. बाकीचा लेखकाच्या वहीत पडून राहिला तरी वाया जात नाही, कारण चुका टाळायला तोच लागतो. साधारण दहा पानं टिपणांमागे एक पान गोष्टीत उतरलं तर प्रमाण बरं समजावं. एक विनंती: मागे राहिलेल्या घराची किल्ली आता पुरे झाली. ती इतक्या गोष्टींत आली आहे की मुलांनाही पाठ आहे. रेशनकार्डावर कारकुनाने चुकवलेलं आडनाव घ्या, कोकी लाटायला मिळालेलं गोल पोळपाट घ्या, काहीही चालेल.

शरणपूरच्या विषयाला वेगळी रीत लागते, कारण तिथे मुलाखत नाही. जे लिहून ठेवलं ते मुख्यतः मिशनऱ्यांनी. ठाम असं पुष्कळ आहे: मुलांना सुतारकी, लोहारकी शिकवत, १८६५ साली आफ्रिकेचे प्रसिद्ध शोधप्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन यांनी तिथल्या मोहिमेसाठी इथली नऊ मुलं निवडली. इथेच शिकलेला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत त्यांच्या तुकडीत होता, १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याने दफनविधीची प्रार्थना वाचली, शवासोबत इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता. पुढे आफ्रिकेत मोंबासाजवळ फ्रेअर टाउन ही सोडवलेल्या गुलामांची वसाहत वसली, तिच्यातही नाशिकहून गेलेली माणसं होती. म्हणजे ही येण्याची गोष्ट आहे तशीच परत जाण्याचीही.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला कृतज्ञतेचा. कागदात प्रत्येक मूल उपकार मानतं, कारण लिहिणारा उपकार करणारा आहे. ते वाक्य मुलाच्या तोंडी घालू नका. दुसरा नावाचा. या मुलांना नवी नावं दिली गेली. जुनं नाव म्हणून कानाला ‘आफ्रिकी’ वाटेल असं काहीतरी रचणं ही सर्वांत वाईट चूक, कारण याओ, मकुआ अशा अनेक भाषांची मुलं तिथे असू शकतात आणि प्रत्येकीची नावं निराळी. खात्रीचं नाव मिळालं नाही तर सोपा मार्ग आहे: कथा नव्या नावाने चालवा आणि जुनं नाव मुलाने कुणालाही न सांगितलेलं ठेवा. रात्री तो ते स्वतःशी म्हणतो एवढंच वाचकाला कळू द्या. कार्यशाळेचं वर्णन मात्र हात सैल सोडून करा: भाता, ऐरण, सांडशी, रंधा, पटाशी, करवत. मुलांना हत्यारं आवडतात, आणि हत्यार हातात असलेलं पात्र रडत बसत नाही.

खर्डा झाला की कालविपर्यासाची, म्हणजे त्या काळात नसलेल्या गोष्टी शोधण्याची, एक स्वतंत्र फेरी मारा, फक्त तेवढ्यासाठी. नाशिकच्या गोष्टीत नेहमी सापडणारे प्रकार सांगतो. १९५८ च्या आधी किलोमीटर आणि किलो. तेव्हा मैल, शेर, मण. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. १ मे १९६० च्या आधी ‘महाराष्ट्र राज्य’. मालेगावात १८६० च्या सुमारास यंत्रमागाची खटखट. तेव्हा हातमाग आणि धोटा, साचे (यंत्रमाग) विसाव्या शतकातले. गंगापूर धरणाच्या आधीची गोदावरी आजच्यासारखी बांधलेली दाखवणं. (आणि स्थानिक पात्र तिला ‘गोदावरी’ क्वचितच म्हणेल; नाशिककर गंगेवर जातो.) नाशिकरोड स्टेशनवरून गावात येताना १८८९ ते १९३० च्या आसपासच्या काळात घोड्यांची ट्राम दाखवता येते. १९४८ च्या मुलाला मात्र तिच्यात बसवू नका, फार तर आजोबांच्या बोलण्यात येऊ द्या.

भाषेचं गणित असं: घरातल्या भाषेचे सहा ते आठ शब्द पुरतात, आणि प्रत्येक शब्द किमान तीनदा यावा. सिंधी घरात डाडी, लोली, कोकी हे संदर्भाने कळतात. कंसात अर्थ दिला की वाचन अडखळतं. आलेलं मूल स्वतःच्या भाषेत बोलतं तेव्हा त्याचं बोलणं स्वच्छ, चटपटीत मराठीत लिहा, आणि ते मराठी बोलतं तेव्हा वाक्यं आखूड करा. हसू यावं म्हणून मोडकी मराठी लिहू नये. एखादी खरी चूक मात्र शोभते: सिंधीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे मुलगी ‘ते पुस्तक’च्या जागी ‘तो पुस्तक’ म्हणेल. एकदा. फार तर दोनदा.

लांबी आधी मोजा. छपाई सोळा पानांच्या फॉर्मात होते, तेव्हा ६४ पानं म्हणजे चार फॉर्म. त्यातली चार पानं शीर्षक वगैरेंत, बारा पूर्ण पानी चित्रांत गेली की मजकुराला ४८ उरतात. मोठ्या टाइपात पानाला साधारण १८० शब्द बसतात, म्हणजे साडेआठ हजारांच्या आसपास. रोज चारशे शब्द धरले तर पहिला खर्डा महिनाभरात होतो असं कागदावर दिसतं. तपासण्या धरून तीन महिने ठेवा. पैशाचं गणितही कोरडं आहे: १२० रुपयांच्या पुस्तकाच्या हजार प्रती आणि दहा टक्के मानधन धरलं तर बारा हजार रुपये, तेही विकत जाईल तसे. करारात टक्केवारी छापील किमतीवर आहे की विक्रीच्या रकमेवर, हे सही करण्याआधी वाचा. पोटापाण्यासाठी दिवाळी अंक (कथा जून-जुलैत पाठवलेली बरी), उन्हाळी शिबिरं आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी शाळाभेटी यांचा आधार लागतो. २७ फेब्रुवारीच्या आठवड्यात नाशकात सगळ्यांनाच लेखक हवा असतो; प्रवासखर्च आधी बोलून घ्या.

खर्डा शाळेत वाचून दाखवताना पंचवीस मिनिटांवर जाऊ नका. वाचणारा वेगळा ठेवा आणि स्वतः मागच्या बाकावर बसून हस्तलिखितावर जिथे पाय हलायला लागतात तिथे खूण करा. त्या खुणा जवळपास नेहमी माहितीच्या परिच्छेदावर पडतात. आठवड्याने परत जाऊन गोष्ट त्यांनाच सांगायला लावा. जे गाळतात ते गाळण्याजोगं असतं.

हस्तलिखित त्या समाजातल्या दोघांना द्या, एक म्हातारं माणूस आणि एक तिशीतलं. ‘कसं वाटलं’ न विचारता ‘कुठलं भांडं, कुठलं नातं, कुठला सण चुकला?’ विचारा. ‘आमचं चांगलं तेवढंच दाखवा’ हा आग्रह होईल. वस्तुस्थितीच्या चुका मुकाट दुरुस्त करा. आजोबांचा राग किंवा काकूची कंजुषी मात्र काढू नका.

टाइपसेटिंगला फाईल युनिकोडमध्ये देता आणि तिथे ती दुसऱ्या फॉन्टमध्ये फिरवली जाते, तेव्हा जोडाक्षरं आणि रफार मोडतात. शेवटचं प्रूफ कागदावर काढून, मोठ्याने, दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. शेवटच्या फॉर्मात दोन-तीन पानं कोरी राहतातच. तिथे नकाशा टाका, पण संपूर्ण देशाचा नको. बाह्य सीमा काढली की ती सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाबरहुकूम असावी लागते. कराचीपासून मुंबईपर्यंतचा किनारा, बोटीची तुटक रेघ आणि तिथून कसारा घाटातून वर येणारा रेल्वेचा रूळ एवढं पुरतं.