द्रवातला दाब: गणित चुकतं ते बहुधा 'खोली'पाशी

अरुंद नळीत 1 मीटर पाणी आणि भल्यामोठ्या पिंपातही 1 मीटरच. तळाशी दाब कुठे जास्त? बहुतेक जण पिंपाकडे बोट दाखवतात. पण दाब दोन्हीकडे सारखाच, सुमारे 9,800 पास्कल. पिंपाच्या तळावर बल जास्त पडतं हे खरं, पण ते तितक्याच मोठ्या क्षेत्रफळावर पसरतं.

सूत्र सोपं आहे: खोली × घनता × गुरुत्व त्वरण. घोळ होतो तो खोलीत. ती पाण्याच्या पृष्ठभागापासून सरळ खाली मोजायची. काही जण तळापासूनची उंची धरतात, तर नळी तिरकी असली की काही जण तिची लांबीच घालतात.

आता बाटलीला एकाखाली एक तीन भोकं पाडायचा प्रयोग. सगळ्यात खालची धार सगळ्यात लांब पडते, असं चित्र ठिकठिकाणी दिसतं. मीही ते कित्येक वर्षं खरं मानत होतो! बाटली जमिनीवर ठेवा, पाण्याची पातळी 30 सेंटीमीटरवर टिकवून धरा आणि पृष्ठभागापासून 5, 15 आणि 25 सेंटीमीटरवर भोकं पाडा. लांब जाते मधली धार. वरची आणि खालची जवळपास एकाच जागी पडतात. खालच्या भोकापाशी दाब जास्त, म्हणून वेगही जास्त. पण जमीन इतकी जवळ की धारेला पुढे जायला वेळच मिळत नाही. तीच बाटली 30 सेंटीमीटर उंच स्टुलावर ठेवली, की खालचीच धार बाजी मारते. म्हणजे तुमचा प्रयोग 'फसला' असेल, तर आधी बाटली कशावर ठेवली होती ते बघा. आणि धार आडवी निघते, यावरून दाब फक्त खालच्या दिशेने नसतो हेही कळतं.

एककांची चूक चटकन पकडता येते. 50 सेंटीमीटरचे तसेच 50 घातले तर उत्तर 4,90,000 पास्कल, म्हणजे अर्ध्या मीटर पाण्यात जवळजवळ पाच वातावरणांचा (म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या पाचपट) दाब! खरं उत्तर 4,900. साधारण 10 मीटर पाण्याला एक वातावरण, एवढं लक्षात ठेवलं की असला आकडा लगेच खटकतो.

राहिली हवा. 10 मीटर खोल पाणबुड्यावर एकूण दाब विचारला आणि 98,000 लिहून थांबलात, तर हिशेब निम्माच झाला. वरच्या हवेचे 1,01,325 पास्कल मिळवायचे राहिले. प्रश्नात 'एकूण' म्हटलंय की 'पाण्यामुळे', ते नीट वाचा. साधा दाबमापक हवेचा दाब वगळूनच आकडा दाखवतो.