इंग्रजी वाक्प्रचार वाक्यासह टिपून ठेवावेत
इंग्रजी वाक्प्रचारांची नुसती यादी पाठ केल्यास अर्थ ध्यानात राहतो, पण नेमक्या वेळी वाक्प्रचार ओठांवर येत नाही. म्हणून वहीत प्रत्येकासमोर स्वतःच्या अनुभवातले एक वाक्य आणि जमल्यास मराठी प्रतिरूप लिहावे. एकाच महिन्यात येणाऱ्या दुसऱ्या पौर्णिमेच्या चंद्राला ‘ब्लू मून’ म्हणतात आणि ती साधारण अडीच वर्षांनी येते, त्यामुळे ‘वन्स इन अ ब्लू मून’शेजारी ‘कपिलाषष्ठीचा योग’ लिहिला की तो सहसा विसरत नाही. शब्द मात्र बदलू नयेत: ‘अंडर द वेदर’ म्हणजे तब्येत बरी नसणे, ‘बिलो द वेदर’ला काहीच अर्थ नाही. शाळेत पाठ केलेल्या ‘कॅट्स अँड डॉग्ज’च्या पावसापेक्षा आजच्या बोलण्यात ‘इट्स पोअरिंग’ अधिक सहज वाटते.