सोळा थ्रेड लावले नि झाड रखडलं

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची कालवं आणि तिसऱ्या. त्यांच्या सीओआय या जनुकाचे डीएनए-क्रम जमवून, कोण कुणाच्या जवळचं हे दाखवणारा उत्क्रांतिवृक्ष काढत होतो. आठ कोअरचं (प्रोसेसरमधल्या आठ गणनकेंद्रांचं) मशीन, सोळा थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे). आयक्यू-ट्री या वृक्ष शोधणाऱ्या प्रोग्रामला सगळे देऊन टाकले. पंखा बोंबलत राहिला, काम मात्र गोगलगाईच्या चालीनं. (शिंपल्यांच्या कामाला शोभणारंच म्हणा!)

घोळ माझाच होता. हा प्रोग्राम संरेखनातले (एकाखाली एक जुळवून मांडलेल्या क्रमांतले) स्तंभ थ्रेडमध्ये वाटतो आणि सगळ्यांच्या बेरजा जमेपर्यंत दर टप्प्यावर थांबतो. सीओआयचा बारकोड म्हणून, म्हणजे प्रजाती ओळखायला, वापरतात तो तुकडा जेमतेम ६५८ अक्षरांचा. त्यातले एकसारखे स्तंभ तर एकदाच मोजले जातात. मग एकेका थ्रेडच्या वाट्याला उरतं काय? सगळा वेळ एकमेकांची वाट पाहण्यात. रापणीचं मोठं जाळं ओढायला अख्खी वाडी लागते, पागाचं छोटं जाळं एकट्यानं टाकायचं असतं.

थ्रेडसंख्या 'ऑटो' ठेवून पाहिली, तर त्यानं दोनच निवडले. उरलेले कोअर रिकामे कशाला ठेवा? वेगवेगळे बीजांक (शोधाची यादृच्छिक सुरुवात ठरवणारे आकडे) देऊन एकेका थ्रेडचे आठ शोध एकदमच सोडले. दहा प्रजातींचेसुद्धा २०,२७,०२५ मूळरहित (सगळ्यांचा मूळ पूर्वज कुठे ते न ठरवलेले) वृक्ष होऊ शकतात, त्यामुळे अनेक ठिकाणांहून शोधणं तसंही हवंच. शेवटी सर्वांत जास्त लाइकलीहूडचा, म्हणजे हाती असलेल्या क्रमांशी सर्वांत चांगला जुळणारा, वृक्ष ठेवला. प्रत्येक शोधाच्या फाइलींना वेगळं नाव द्या, नाहीतर एकमेकांवर चढतात. रॅक्सएमएल-एनजी या अशाच दुसऱ्या प्रोग्राममध्ये हीच वाटणी 'वर्कर्स' पर्यायानं होते.

पावसात दोनदा वीज गेली. काम कुठवर आलं याची नोंद ठेवणारी चेकपॉइंट फाइल होती. तीच आज्ञा पुन्हा दिली, काम तिथूनच पुढे सुरू झालं.