तीन चाकं टेकली, चौथं हवेत: व्हिंटेज गाडीचं किट जोडताना या चुका टाळा

सात महिने खपून जोडलेली प्लास्टिकची छोटी बेंटली टेबलावर आडव्या ठेवलेल्या आरशावर उभी केली आणि पुढच्या डाव्या चाकाखालून पोस्टकार्ड अलगद आरपार गेलं. चूक सात महिने जुनी होती, चासी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा चिकटवला त्या पहिल्याच रविवारची.

किट 1/12 मापाचं, 1930 च्या सुमाराच्या ‘ब्लोअर’ बेंटलीचं. मूळ गाडीचं इंजिन 4,398 सीसीचं. त्यात हवा कोंबणारा सुपरचार्जर रेडिएटरच्याही पुढे, चासीच्या दोन लांब पट्ट्यांच्या टोकांमध्ये बसवलेला. खुद्द कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना ही कल्पना पसंत नव्हती. किट जोडणाऱ्यालाही तो सुपरचार्जर सुखाने झोपू देत नाही, कारण चासी केसभर पिळली की तो तिरका दिसतो आणि बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

मी चासी हातात धरून चिकटवली होती. तसं करू नका. लांब पट्ट्या आधी गोंद न लावता काचेवर ठेवून बघा, डुगडुगत असतील तर वाकलेल्या आहेत. उकळतं पाणी नको, प्लास्टिक बेढब होतं. चहाचं पाणी उकळायच्या बरंच आधी, हात लावला तर चटका बसेल इतपत तापलं की पट्टी त्यात थोडा वेळ धरा, हलक्या हाताने सरळ करा आणि तशीच गार पाण्यात बुडवा. मग काचेवरच, रबरबँड लावून, आडव्या पट्ट्या चिकटवा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. गाडी पुरी झाल्यावर दोष कळला, माझ्यासारखा, तर अधर चाकाच्या बाजूची स्प्रिंग अॅक्सलपासून पातळ पात्याने सोडवा आणि मध्ये स्प्रूचा, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचा, घासून पातळ केलेला तुकडा घाला. खालून कुणी बघत नाही.

थिनर ते थिनर नव्हे

‘थिनर द्या’ म्हटलं की हार्डवेअरवाला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरची बाटली पुढे करतो. बिचाऱ्याची चूक नाही, सुतार आणि गॅरेजवाले तेच नेतात. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीनचं. एनसी थिनर ते विरघळवतं. माझा एक मडगार्ड पावसात राहिलेल्या पापडासारखा झाला. नेलपॉलिश रिमूव्हरमधला अॅसिटोनही तसाच. एनॅमल रंगाला साधं टर्पेंटाइन चालतं, अॅक्रिलिकला त्या रंगाचंच थिनर घ्या. खात्री नसेल तर आधी रिकाम्या स्प्रूवर एक थेंब टाकून बघा. स्प्रू फेकू नयेत ते याचसाठी.

रंगाआधी सुटे भाग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, मास्किंग टेपबरोबर सोलून येतो.

जुलैत रंग मारू नका

आमच्या दादरच्या दोन खोल्यांत जुलैमध्ये मीठसुद्धा वाहतं. अशा हवेत लॅकरचा स्प्रे मारला की द्रावक झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि काळ्या मडगार्डवर दुधाळ धुकं उमटतं. घाबरून लगेच दुसरा हात मारणं ही चुकीवरची चूक. कोरडा दिवस येऊ द्या. त्याच रंगाच्या, सावकाश उडणाऱ्या थिनरचा अगदी हलका फवारा मारा. वरचा थर पुन्हा सैल होतो, कोंडलेला ओलावा निघून जातो. रंगवलेले भाग मी सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. आई विचारते, “अरे, तांदूळ कुठे ठेवू मग?” प्रश्न रास्त आहे.

धूळ बसावी म्हणून आधी बाथरूममध्ये गरम शॉवर सोडा, हा सल्ला कोरड्या देशांतला आहे. मुंबईत तो विसरा.

आणि सगळंच चकचकीत करू नका. त्या काळच्या रेसिंग बेंटल्यांची बॉडी बऱ्याचदा लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेली असे. बॉनेट आणि मडगार्ड धातूचे. म्हणून बॉनेटला चमक आणि मागच्या भागाला मंद झळाळी हवी. माझी पहिली गाडी लग्नाच्या कारसारखी लखलखत होती.

काच, क्रोम, टायर

हेडलाइटची काच सुपरग्लूने चिकटवली की त्याच्या वाफेने काचेवर पांढरी खपली धरते. काचेला साधा फेव्हिकॉल लावा, वाळल्यावर तो पारदर्शक होतो. खपली धरलीच तर पांढऱ्या टूथपेस्टने मऊ कापडावर हळूहळू घासा.

क्रोमच्या मुलाम्यावर प्लास्टिक जोडायचा गोंद पकड घेत नाही. जोडाच्या जागेपुरता मुलामा पात्याने खरवडा. सगळाच काढायचा तर कपड्यांच्या ब्लीचमध्ये बुडवा, पण खिडकी उघडी ठेवून, आणि त्यात टॉयलेट क्लीनरचा थेंबही मिसळू देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

छोटा भाग पडला तर काय? आमच्या जुन्या इमारतीत काळ्यापांढऱ्या मोझेकच्या लाद्या आहेत. त्यांत रेडिएटरचं झाकण पडलं की ते दिसायला दिवाळीची साफसफाईच व्हावी लागते. टेबलाखाली जुनी एकरंगी चादर अंथरा आणि काम चालू असताना पंखा बंद.

मऊ व्हिनाइलचे टायर प्लास्टिकच्या रिमला थेट भिडवून वर्षभर ठेवले की टायरमधला तेलकट अंश रिम खातो, आपल्या उकाड्यात तर लवकरच. रिमभोवती स्वयंपाकघरातल्या फॉइलची बारीक पट्टी गुंडाळून मग टायर चढवा. आणि शोकेस पश्चिमेच्या खिडकीसमोर नको.