बदकाच्या पिल्लांना पाणी: चोच बुडेल इतकं, अंग भिजणार नाही असं

बदक पाण्यातलं म्हणून पिल्लू आणलं की लोक आधी परात भरतात. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडे घरोघरी हेच बघते. पिल्लू छान पोहतं, पोरं टाळ्या पिटतात आणि संध्याकाळी ते कोपऱ्यात थरथरत बसतं. आईमागं फिरणाऱ्या पिल्लाच्या लवेला तिच्या पिसांवरचं तेल लागत राहतं, शिवाय ते ओलं झालं की तिच्या पंखाखाली शिरतं. हॅचरीतून आणलेल्या पिल्लाला यातलं काहीच मिळत नाही. त्याची लव पाणी शोषते, अंग गार पडतं आणि तेवढ्यानं जीव जातो. खाकी कॅम्पबेल या जातीचं असो की गावठी, सगळ्यांचं हेच.

पण भीतीपोटी बशीत घोटभर पाणी ठेवणंही चुकीचं. बदकाच्या नाकपुड्या चोचीवर, वरच्या बाजूला असतात. भरडा, म्हणजे जाडसर दळलेलं खाद्य, खाताना त्या बुजतात, डोळ्यांनाही चिकटा लागतो. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवून फुरफुरल्याशिवाय ते सुटत नाही. म्हणून पाणी खोल हवं आणि भांड्याचं तोंड अरुंद हवं.

माझं भांडं म्हणजे तेलाची पाच लिटरची रिकामी कॅन. साबणानं धुऊन तेलाचा अंश काढायचा. मग तळापासून चार बोटं वर, बाजूनं गोल भोकं कापायची. डोकं आणि मान आत जाईल, खांदे अडतील, एवढंच भोक. पिल्लू हातात धरून मापून बघा. काप धारदार राहतो, तो तापवलेल्या चमच्यानं दाबून गुळगुळीत करा, नाहीतर मानेला लागेल. तळाशी धुतलेले मोठे गोटे टाका: कॅन कलंडत नाही आणि पहिल्या आठवड्यात गोट्यांवर दोन-तीन सेंटीमीटर पाणी पुरतं. पुढं गोटे कमी करत जा. पिल्लं झपाट्यानं वाढतात, म्हणून भोकंही दर आठवड्याला मोठी करा. डोकं अडकलं आणि घरी कोणी नसलं, तर पिल्लू गेलंच समजा.

बाजारातलं कोंबडीच्या पिल्लांचं उलटं भांडं चालतं, पण त्याची कड उथळ असेल तर नाकपुडी बुडते का ते बघा.

बदक पाणी पितं त्याहून जास्त सांडतं. कॅन थेट खाली अंथरलेल्या तनसावर (भाताच्या पेंढ्यावर) ठेवली तर दुपारपर्यंत चिखल होतो. घमेल्यावर बारीक जाळी बांधा, कॅन त्यावर ठेवा, म्हणजे सांडलेलं घमेल्यात जाईल. जाळीत पाय अडकता कामा नये. ओल्या तनसाला आणि ओल्या भरड्याला बुरशी धरते, आणि बदकाला बुरशीचं विष कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त बाधतं. कुबट वास येणारी भुईमुगाची ढेप (पेंड) किंवा मका तर अजिबात देऊ नका.

खाद्य असेल तिथं पाणी असलंच पाहिजे. कोरडा भरडा घशात अडकतो, म्हणून पिल्लू एक घास खातं आणि पाण्याकडं धावतं. रात्री पाणी उचललं तर खाद्यही उचला. दिवसा मात्र भांडं कोरडं पडू देऊ नका. तहानलेली पिल्लं मग एकमेकांच्या अंगावर चढून भिजतात.

नवी पिल्लं आली की पहिलं पाणी कोमट द्या. एकेकाची चोच हळूच बुडवून दाखवा, एक शिकलं की बाकीची बघून पितात. पहिल्या आठवड्यात उबेच्या जागी ३२ अंशांच्या आसपास तापमान लागतं, पण पाणी उबेसाठी लावलेल्या बल्बच्या थेट खाली नको. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा कॅन सावलीत ठेवा आणि दुपारी पाणी बदला. तापलेलं पाणी पिल्लं पीत नाहीत.

पाणी दिवसातून दोनदा तरी बदला, उन्हाळ्यात जास्त वेळा. भांडं ब्रशनं घासा, आठवड्यातून एकदा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुऊन, खळखळून, उन्हात वाळवा. बोडीचं, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्याचं, पाणी पिल्लांना पाजू नका. उन्हाळ्यात बोडी आटते, मासे मरून कुजतात. त्या घाणीतल्या विषानं मोठ्या बदकाचीही मान लुळी पडते.

शेजारची सूनबाई विचारत आली होती, "काकू, पिल्लू भिजून मान टाकून बसलं जी, पाणी पाजू का?" नाही. आधी सुती कापडानं टिपून कोरडं करा, उबेला ठेवा. मान धरून उभं राहिलं की मग पाणी पुढं करा. चोच उघडून ओतू नका, पाणी श्वासनळीत जातं.

पोहायची घाई नको. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ऊन असताना, कोमट पाण्यात, पाय टेकतील इतक्या खोलीत दोन-चार मिनिटं सोडा आणि लगेच कोरडं करा. तिथून उठू नका. बोडीत सोडायचं ते अंगावर पूर्ण पिसं आल्यावर, साधारण सात-आठ आठवड्यांनी. टाकं असेल तर आत विटांची पायरी करा, कारण गुळगुळीत भिंतीवरून पिल्लाला वर येता येत नाही, ते दमतं आणि बुडतं.