त्वरणाने बंद होणारे सूक्ष्म स्विच: या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी

मेकॅनिकलची पदवी घेऊन मी मेम्सकडे, म्हणजे चिपवरच्या सूक्ष्म यंत्रांकडे वळले. एम.टेक.ला प्रकल्प मिळाला तो जी-स्विचचा, म्हणजे ठरावीक त्वरणाला आपोआप बंद होणाऱ्या सूक्ष्म स्विचचा, आणि पुढे मी याच विषयात रमले. ‘सुरुवात कुठून करू?’ असं विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी जे सांगते, ते इथे लिहिते आहे.

रचना अगदी साधी आहे. सिलिकॉनचा एक ठोकळा बारीक बीमवर (स्प्रिंगसारख्या वाकणाऱ्या पट्ट्यांवर) तरंगत असतो आणि काही मायक्रॉनवर समोर स्थिर इलेक्ट्रोड असतो. धक्का बसला की जडत्वामुळे ठोकळा जागच्या जागी राहू पाहतो, मधली गॅप संपते आणि सर्किट पूर्ण होतं. तोवर वीज अजिबात लागत नाही. प्रकल्पाच्या प्रस्तावात सगळे हाच फायदा लिहितात, पण तो जरा तपासून घ्या. एडीएक्सएल३६२ हा अॅक्सिलरोमीटर (त्वरण मोजणारी चिप) हालचालीची वाट बघत असताना २७० नॅनोअँपिअर घेतो. वर्षाचा हिशोब केला तर अडीच मिलिअँपिअर-तासही होत नाहीत, आणि सीआर२०३२ या बटण सेलमध्ये सुमारे सव्वादोनशे असतात. म्हणजे नुसती वीज वाचवायला स्विच कुणी घेणार नाही. जिथे सेलच ठेवता येत नाही, किंवा सुरक्षेसाठी सॉफ्टवेअरवर अवलंबून नसलेला दुसरा स्वतंत्र मार्ग हवा असतो, तिथे त्याची खरी गरज आहे. आपला स्विच यातल्या कुठल्या कामाचा, हे आधी ठरवा. पुढची सगळी मापं त्यावरून निघतात.

गणित एका ओळीचं आहे. स्विच ज्या त्वरणाला बंद होतो तो उंबरठा म्हणजे ठोकळ्याच्या नैसर्गिक कोनीय वारंवारतेचा वर्ग गुणिले गॅप. नैसर्गिक वारंवारता १ किलोहर्ट्झ आणि गॅप ५ मायक्रॉन घेतली, तर उत्तर येतं सुमारे २० जी (१ जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण). मेकॅनिकलवाल्यांना हे सोपं वाटतं, आणि आहेही. अडचण येते एचिंगमध्ये, म्हणजे सिलिकॉन कोरण्यात. आडव्या दिशेने वाकणाऱ्या बीमचा ताठपणा त्याच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असतो. मास्कवर (आराखड्याच्या साच्यावर) ४ मायक्रॉन काढलेला बीम वेफरवर (सिलिकॉनच्या तबकडीवर) ३.८ चा उतरला, की ताठपणा १४ टक्क्यांनी घटतो. त्याच एचिंगमध्ये गॅपही थोडी रुंदावते, त्यामुळे काही भरपाई होते, पण पूर्ण नाही. म्हणून आपल्या क्लीनरूमचं (चिप बनवायच्या धूळरहित प्रयोगशाळेचं) एचिंग रेषा नेमकी किती खातं, हे सिम्युलेशनला बसण्याआधी विचारून घ्या.

आता मुख्य मुद्दा. नवीन विद्यार्थी सगळा वेळ स्प्रिंगच्या आकारावर घालवतात. माझ्या मते निम्म्याहून अधिक वेळ कॉन्टॅक्टला द्यायला हवा. १ मिलिमीटर लांब-रुंद आणि ५० मायक्रॉन जाड ठोकळा घ्या. त्याचं वस्तुमान साधारण ०.१२ मिलिग्रॅम भरतं. २० जीला त्यावरचं बल २३ मायक्रोन्यूटन असतं, आणि ते सगळं स्प्रिंग ताणण्यातच जातं. उंबरठ्यावर ठोकळा इलेक्ट्रोडला टेकतो खरा, पण दाब शून्य! ३० जीला गेलात तरी हाती ११ मायक्रोन्यूटन उरतात. सोन्याच्या कॉन्टॅक्टचा रोध स्थिर व्हायला याच्या कितीतरी पट दाब लागतो. अॅलन ब्रीड यांच्या जुन्या एअरबॅग सेन्सरमध्ये चुंबकाने धरलेला पोलादी गोळा नळीतून धावत जाऊन सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्ट्यांवर आदळायचा. तिथे वस्तुमानाची चणचण नव्हती. आपल्याला आहे.

त्यात भर म्हणजे ठोकळ्याच्या आणि इलेक्ट्रोडच्या समोरासमोरच्या भिंती. डीआरआयईने (खोल आणि उभं कोरणाऱ्या एचिंगने) कोरलेली उभी भिंत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकदा तरी बघाच. एचिंगच्या प्रत्येक चक्राची खूण म्हणून तिच्यावर वरपासून खालपर्यंत आडव्या लाटा दिसतात. वरून स्पटर केलेलं (निर्वातात अणूंच्या फवाऱ्याने चढवलेलं) सोनं पृष्ठभागावर छान बसतं, पण भिंतीवर पातळ होत जातं. दोन भिंती भिडतात तेव्हा त्या लाटांच्या मोजक्या शिखरांवरच भिडतात, आणि टेकल्या टेकल्या ठोकळा उसळून मागे फिरतो. बंद राहण्याचा काळ काही मायक्रोसेकंदांचाच असू शकतो. स्थिर इलेक्ट्रोडही थोडा लवचीक केला तर तो ठोकळ्यासोबत मागे सरकतो आणि स्पर्श लांबतो. अडकून राहणारी खिटी हा दुसरा उपाय. पण मग स्विच पुन्हा उघडायचा कसा, याचाही विचार करावा लागतो.

चाचणी सुरू करा फिरत्या चकतीवर. केंद्रापासून १० सेंटिमीटरवर चिप बसवली की मिनिटाला सुमारे ४२० फेऱ्यांना २० जी मिळतात. सेल आणि एलईडी चकतीवरच ठेवा, म्हणजे तारा बाहेर काढाव्या लागत नाहीत. ड्रॉप टेस्ट (चिप खाली पाडून धक्का देणं) त्यानंतर. तिथे आकडे वेगळे आले तर घाबरू नका. अर्धसाइन (साइन लहरीच्या अर्ध्या भागासारख्या) धक्क्याचा काळ नैसर्गिक आवर्तकाळाच्या जवळपास असेल आणि अवमंदन (डॅम्पिंग) कमी असेल, तर ठोकळा स्थिर त्वरणाच्या जवळजवळ पावणेदोन पट सरकतो, म्हणजे स्विच लवकर बंद होतो. धक्का फारच आखूड असेल तर उलट जास्त जी लागतात. त्यामुळे अहवालात उंबरठ्याचा आकडा लिहिताना शेजारी धक्क्याचा काळ लिहायलाच हवा.

तुमच्या कॉलेजात क्लीनरूम नसेल तरी वाट आहे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या आयएनयूपी-आयटूआय कार्यक्रमातून आयआयटी मुंबई, बंगळुरूची आयआयएससी अशा संस्थांची क्लीनरूम बाहेरच्या विद्यार्थ्यांना वापरता येते, प्रशिक्षणही मिळतं. अर्जाआधी केलेआउट हे मास्क आखायचं सॉफ्टवेअर शिकून घ्या, ते फुकट आहे. मास्कवर एकच ‘अचूक’ डिझाइन ठेवू नका. ३.५ पासून ५ मायक्रॉनपर्यंत बीमच्या वेगवेगळ्या रुंदी एकाच चिपवर मांडा, आणि कोपऱ्यात ठोकळ्याशिवाय नुसत्या कॉन्टॅक्टच्या काही जोड्या ठेवा. प्रोबने (मोजणीच्या बारीक सुईने) दाबून त्यांचा रोध आधी मोजता येतो.